दुकान, गिऱ्हाईक आणि शेजारपाजार : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

गेल्या अंकात स्वतःच्या छोट्या धंद्याबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके मेल आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. मी स्वतः २२ वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवलंय, खिळे, स्क्रू, नळाचे वॉशर, कुलपं, रंगाचे ब्रश असं सगळं, त्यामुळे खालची उत्तरं त्या काउंटरमागे उभं राहून जे कळलं त्यातूनच आलीत. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून कळवलंय, म्हणून कुणाचंच दिलेलं नाही.

प्रश्न : ताई, नोकरी सोडून सायकल रिपेअरचं छोटं दुकान टाकलंय, सात महिने झाले. काम मन लावून करतो, जे येतात ते खूश असतात, पण येतातच कमी. ओपनिंगला डिस्काउंट ठेवला तेव्हा गर्दी झाली, ती माणसं नंतर दिसलीच नाहीत. मित्र म्हणतात ऑनलाइन जाहिरातीवर पैसे टाक, बायको म्हणते एखादा कार्यक्रम घे म्हणजे ओळखी होतील. नक्की काय करू?

उत्तर : आधी एक हिशोब करू. साधी रोजच्या वापरातली सायकल माणूस वर्षातून किती वेळा दुरुस्तीला आणतो? एकदा, फार तर दोनदा, मध्ये एखादं पंक्चर. म्हणजे तुमच्याकडून खूश होऊन गेलेल्या माणसाला सात महिन्यांत परत यायचं कारणच पडलेलं नसेल, तो तुम्हाला विसरला असं नाही, त्याची सायकल व्यवस्थित चाललीय इतकंच! त्यामुळे माणसं परत आली नाहीत यावरून एवढ्यात काही ठरवू नका. ज्याची सायकल दुरुस्त केलीत त्याचं नाव, तारीख आणि काय काम केलं ते एका वहीत लिहा, त्याची हरकत नसेल तर नंबर घ्या, आणि सहा महिन्यांनी एकच मेसेज टाका की ब्रेकचे रबर तपासून घ्या, झिजले असतील. एकच. दर आठवड्याला शुभेच्छा पाठवत बसलात तर तो तुम्हाला म्यूट करेल आणि मग कामाचा मेसेजसुद्धा वाचणार नाही.

आता दुसरं. तुमच्या गल्लीतल्या दहा जणांना विचारा की हे दुकान किती वाजता उघडतं, किती वाजता बंद होतं. किती जण बरोबर सांगतील? मी हे विचारतेय कारण मला हे फार उशिरा कळलं. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी घरच्या काही कामामुळे मी आठवडाभर दुकान तासभर आधी बंद करत होते, पाटी नाही, काही नाही, शटर ओढायचं आणि निघायचं. एक वयस्कर गृहस्थ नेहमी यायचे, ते एका सकाळी आले, हातात ओला रुमाल, त्यात गुंडाळलेला नळाचा झिजलेला वॉशर. म्हणाले, काल आलो होतो. बस, इतकंच, रागावले वगैरे अजिबात नाहीत. मी वॉशर मापाला लावून दिला, ते गेले. पण त्यानंतर ते येण्याआधी फोन करून विचारायला लागले, उघडं आहे का म्हणून, आणि हे पुढे कितीतरी महिने चाललं. रात्रभर त्यांच्या घरी नळाखाली बादली लावलेली असणार हे मला तो रुमाल बघून कळलं होतं, आणि आजही शटर म्हटलं की मला तोच रुमाल आठवतो. तेव्हा तास कमी ठेवा हवं तर, आठवड्यातून एक दिवस पूर्ण बंद ठेवा, पण जे ठरवलंय ते पाळा आणि दारावर मोठ्या अक्षरात लिहा.

डिस्काउंटचं तुमच्या लक्षात आलंच आहे, स्वस्त म्हणून आलेली माणसं पुढचं स्वस्त शोधायला जातात, त्यांचंही काही चूक नाही. त्याऐवजी हवा भरायचा पंप दुकानाबाहेर ठेवा, साखळीने बांधून, फुकट. हवा भरणारा माणूस दोन मिनिटं तिथे उभा राहतो, आत बघतो, तुमचे हात कसे चालतात ते बघतो. बायकोचं म्हणणंही चांगलं आहे, पण कार्यक्रम म्हणजे हार-भाषणं नकोत, एका सुट्टीच्या सकाळी आठ-दहा पोरांना जमवून पंक्चर कसं काढायचं ते शिकवा. शिकली तर गिऱ्हाईक जाईल अशी भीती वाटते ना? पंक्चर जाईल, पण हबचं, गिअरचं, रिम वाकल्याचं काम घेऊन ती पोरं दुसऱ्या कुणाकडे जाणार?

आणि एक वही आजपासून सुरू करा, मी तिला "नाही"ची वही म्हणायचे. कुणी काही मागितलं आणि तुम्हाला नाही म्हणावं लागलं की लगेच लिहायचं, तारीख आणि वस्तू. महिन्याच्या शेवटी वाचायचं. एकच वस्तू चार वेळा आली असेल तर तुमचा परिसर तुम्हाला सांगतोय की त्याला काय हवंय, ही माहिती कुठल्याही जाहिरातीत विकत मिळत नाही. जाहिरात करायचीच तर महिनाभर थोडी करून बघा, पण प्रत्येक नव्या माणसाला विचारा की आमच्याबद्दल कुठून कळलं, आणि तेही लिहा, नाहीतर पैसे कशाने वसूल झाले हे कधीच कळणार नाही.

प्रश्न : ताई, मी घरातूनच शिवणकाम करते. सगळी गिऱ्हाइकं शेजारच्या नाहीतर नात्यातल्या बायका. कपडे घेऊन जातात, "देते गं नंतर" म्हणतात आणि विषय संपतो. मागायला जीभ रेटत नाही, संबंध बिघडतील असं वाटतं. आता तर कापड-अस्तर आणायलाच पैसे उरत नाहीत.

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून जीव तुटला, कारण याच गोष्टीने कितीतरी चांगले धंदे बसलेले मी बघितलेत, कामात काहीच खोट नव्हती आणि तरी बसले.

आकड्यात बघा म्हणजे मागायचं बळ येईल. समजा तुमच्या विक्रीत पाचवा हिस्सा नफा आहे, बाकीचे चार हिस्से कापड, अस्तर, धागा, वीज आणि इतर खर्चाला गेले. आता एक काम बुडालं तर तुमच्या खिशातून ते चार हिस्से गेले, आणि ते भरून यायला तशीच चार कामं रोख पैशात करावी लागतील, तेव्हा कुठे तुम्ही शून्यावर येता. चार कामं! म्हणजे कितीतरी रात्रींचं जागरण, आणि त्यात तुमच्या मेहनतीचं काहीच सुटलं नाही. कागदावर नफा आणि डब्यात पैसा नाही अशी ही अवस्था असते, आणि धंदा चालतो तो डब्यातल्या पैशावर.

संबंध बिघडतील ही भीती मला समजते पण खरं सांगू, संबंध न मागितल्याने जास्त बिघडतात. जिच्याकडे बाकी आहे ती बाई तुम्हाला रस्त्यात टाळायला लागते, तुमच्या मनातही तिचं नाव निघालं की आकडा येतो, मग ती दुसरीकडे शिवायला टाकते. पैसेही गेले आणि शेजारीणही गेली.

इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाच्या गावात १८४४ साली विणकर आणि इतर कामगार अशा २८ जणांनी मिळून एक दुकान काढलं, आजच्या सगळ्या सहकारी चळवळीत त्याचं नाव आदराने घेतात. त्यांच्यापैकी कुणाच्याच हातात फार पैसा नव्हता, एकमेकांना ते चांगले ओळखत होते, आणि तरीही त्यांनी नियम केला की उधार द्यायचं नाही. कारण त्याच गावात आधी असंच एक दुकान निघालं होतं आणि ते उधारीपायी बंद पडलं होतं. पण त्यांनी नुसतं कडक धोरण ठेवलं नाही, माप पूर्ण दिलं, मालात भेसळ केली नाही आणि झालेला नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत वाटला. मला त्यातलं हे फार आवडतं, की आपली माणसं आहेत म्हणूनच त्यांनी हिशोब चोख ठेवला.

तुम्ही एकदम सगळं बंद करू नका. माप घेताना अर्धे पैसे आगाऊ घ्यायचे, बाकीचे कपडा हातात देताना, हे सगळ्यांना एकसारखं, सख्ख्या बहिणीलासुद्धा, आणि शिलाई मशीनच्या वर भिंतीवर लिहून लावायचं. लिहिलेलं असलं की तुम्हाला तोंडाने सांगावं लागत नाही, भिंतीकडे बोट दाखवलं की झालं, आणि कुणाला वाटतही नाही की फक्त मलाच सांगितलं. जुनी बाकी मागायला जाताना सगळ्यात लहान रकमेपासून सुरुवात करा, ती पटकन मिळते आणि मागायची सवय होते. "मला पुढचं कापड भरायचंय, या आठवड्यात जमेल का" असं कारण आणि दिवस दोन्ही सांगून विचारा. आणि जिची खरंच अडचण आहे, नवरा आजारी आहे, काम सुटलंय, तिला तुम्ही स्वतः म्हणा की तू हप्त्याने दे. किंवा राहू दे म्हणा. तो तुमचा निर्णय, मनापासून घेतलेला, त्याचा त्रास होत नाही. त्रास होतो तो न ठरवता बुडलेल्या पैशाचा.

प्रश्न : माझा स्वभाव मुळातच अबोल आहे. घड्याळ दुरुस्तीचं काम मला मनापासून आवडतं पण लोकांशी गप्पा मारणं जमत नाही. सगळे म्हणतात धंद्यात तोंड गोड लागतं. मग आमच्यासारख्यांनी काय करायचं?

उत्तर : काही करू नका, आहात तसेच राहा. गप्पा मारणं वेगळं आणि ओळख ठेवणं वेगळं.

माझ्या दुकानात काउंटरच्या मागे एक लाकडी फळी होती, त्यावर १४ खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला शेजारपाजारच्या कुणाच्या तरी घराची किल्ली. पोरगा शाळेतून येईल त्याला द्या, प्लंबर येईल त्याला द्या, आम्ही गावाला चाललोय तोवर राहू द्या. किल्लीला चिकटपट्टी लावून मी एक खूण करायचे, नाव कधीच लिहिलं नाही, कारण किल्ली हरवली तर कुणाचं घर ते कळायला नको. आता गंमत बघा, त्या १४ पैकी निम्म्या लोकांशी मी पाच मिनिटांच्या वर कधी बोललेही नसेन. नंतर वाचनात आलं की जेन जेकब्स यांनी १९६१ च्या त्यांच्या शहरांवरच्या पुस्तकात न्यूयॉर्कमधल्या आपल्या रस्त्याबद्दल अगदी हेच लिहिलंय, की तिथले लोक किल्ल्या ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवून जातात, आणि त्यासाठी ते असा माणूस निवडतात जो जबाबदार आहे पण त्यांच्या खासगी गोष्टीत नाक खुपसत नाही. घरी कोण येणार आहे, कशाला येणार आहे असं विचारणाऱ्याकडे कुणी किल्ली ठेवेल का? तुमचा अबोलपणा इथे कामाला येतो.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा अभ्यासही फार प्रसिद्ध आहे, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं की ज्याच्याकडून कळलं त्याला तुम्ही किती वेळा भेटायचात, तर बहुतेकांनी सांगितलं कधीमधी, काहींनी तर क्वचितच. जवळचे मित्र तेच ते जाणतात जे आपल्याला आधीच माहीत असतं, नवी बातमी येते ती अशा पातळ ओळखीतून. दुकानदाराकडे अशा ओळखी शेकड्याने असतात. तुम्ही फक्त नाव लक्षात ठेवा आणि घड्याळ परत देताना आत काय झालं होतं ते एका वाक्यात सांगा, जुना भाग काढला असेल तर तो छोट्या पुडीत घालून हातात द्या. न बोलता सगळं सांगून होतं.

प्रश्न : माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, नऊ वर्षं झाली. समोरच एका मोठ्या चेनचं दुकान आलंय, वह्या-पेनं माझ्या खरेदीच्या भावात विकतात. जुनी गिऱ्हाइकं मान खाली घालून समोर जाताना दिसतात आणि फार वाईट वाटतं. "लोकल दुकानातून घ्या" असा बोर्ड लावू का?

उत्तर : बोर्ड नको लावू भाऊ. जी माणसं आधीच अवघडून समोर जातायत त्यांना तो बोर्ड टोचेल, आणि टोचलेलं माणूस परत येत नाही. उलट समोर दिसली की हात करा, हसा. वर्षभराची वह्यांची खरेदी स्वस्तात करायचा हक्क आहे त्यांना, आपल्या प्रेमापोटी कुणी दर महिन्याला जास्त पैसे देईल अशी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

भावात तुम्ही जिंकणार नाही, ते ट्रकभर उचलतात, तुम्ही दोन डझन. मग त्या मालात अडकवलेले पैसे काढून घ्या. गेल्या तीन महिन्यांची बिलं घेऊन बसा आणि बघा की कुठल्या मालाने जागा अडवलीय आणि कुठल्या कामावर खरंच घर चालतं. माझा अंदाज आहे की झेरॉक्स, बाइंडिंग, लॅमिनेशन, फॉर्म भरून देणं, उद्या प्रोजेक्ट आहे आणि रात्री आठ वाजता लागणारा एकच कार्डशीट, यावर तुमचं खरं चालत असणार. मोठ्या दुकानात एक कार्डशीट सुटा मिळत नाही आणि फॉर्ममधली चूक कुणी दाखवत नाही. ती बाजू वाढवा.

माझ्यापासून चार दुकानं सोडून दुसरं हार्डवेअरचं दुकान उघडलं तेव्हा मी रात्र रात्र झोपले नव्हते. हॅरॉल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९२९ मध्येच गणित मांडून दाखवलं होतं की एकाच प्रकारचा माल विकणारे दोघं एकमेकांच्या जवळ जवळ का सरकत जातात, पण तेव्हा मला हे कुठे माहीत होतं, मला वाटायचं हा माणूस मुद्दाम माझ्या मुळावर आलाय. पहिल्या वर्षी माझी विक्री खरंच पडली, हे लपवत नाही. मग एकदा हिंमत करून त्यांच्याकडे गेले, ओळख करून घेतली, तर त्यांचा भर रंगावर आणि माझा नळ-कुलपांवर. आम्ही एकमेकांकडे गिऱ्हाइकं पाठवायला लागलो, आणि दोन-तीन वर्षांत लांबची माणसंसुद्धा हार्डवेअर म्हटलं की आमच्याच गल्लीत यायला लागली. चेनच्या मॅनेजरशी असं जमेलच असं नाही, पण जाऊन ओळख तर करून घ्या, त्यांच्याकडे झेरॉक्स नसेल तर ते विचारणाऱ्याला तुमच्याकडेच बोट दाखवतील.

आणि खचू नका. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीप्रमाणे जगातले ९० टक्के व्यवसाय सूक्ष्म, लघु आणि मध्यम आहेत आणि निम्म्याहून जास्त रोजगार त्यांच्याच जिवावर उभा आहे. तुम्ही एकटे नाही.

प्रश्न : परिसरातली प्रत्येक संस्था, क्लब, शाळा देणगीसाठी येते. नाही म्हटलं तर नाव खराब होतं, हो म्हटलं तर परवडत नाही.

उत्तर : वर्षाच्या सुरुवातीलाच रक्कम ठरवा, आणि एक किंवा दोनच कामं निवडा जी तुमच्या मनाला भिडतात, दरवर्षी तीच. बाकीच्यांना सरळ सांगा की यंदाचं ठरलेलं देऊन झालं, आम्ही अमुक ग्रंथालयाला देतो. कुणाला राग येत नाही. पैशापेक्षा तुमच्या कामातलं काही देता आलं तर आणखी बरं, मी शाळेच्या बाकांना दरवर्षी स्क्रू आणि कड्या द्यायचे आणि लावायलाही जायचे.

प्रश्न : वय ६८, फोटो फ्रेमिंगचं दुकान ३१ वर्षं चालवतोय. मुलगा त्याच्या नोकरीत सुखी आहे, येणार नाही. दुकानात बारा वर्षं काम करणारा मुलगा चालवायला घ्यायला तयार आहे. मालाची किंमत काढता येते, पण माझ्या नावाची, ओळखींची किंमत कशी काढायची? आणि लोकांना कसं सांगायचं?

उत्तर : काका, तुम्ही विचारलंत तोच प्रश्न इंग्लंडच्या कोर्टात १८१० साली आला होता, आणि लॉर्ड एल्डन या न्यायाधीशांनी सांगितलं की धंद्याचं गुडविल म्हणजे जुनं गिऱ्हाईक जुन्या जागी परत येण्याची शक्यता, त्यापेक्षा जास्त काही नाही. मला ही व्याख्या फार पटते, कारण त्यावरून काय करायचं ते कळतं. तुम्ही गेल्यावर लोक त्या मुलाकडे येतील की नाही, यावरच तुमच्या नावाची किंमत आहे, आणि ती शक्यता तुम्ही अजून वाढवू शकता.

एकदम सोडू नका. सहा महिने तरी दोघं काउंटरवर उभे राहा, पण पुढे तो आणि मागे तुम्ही. जुनं गिऱ्हाईक आलं की माप त्याला घेऊ द्या, भाव त्याला सांगू द्या, तुम्ही फक्त म्हणा की आता हेच बघतात. काच आणि पट्ट्या देणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यांकडे त्याला स्वतः घेऊन जा, तुमच्या शब्दावर मिळणारी महिन्याची मुदत त्यालाही मिळेल हे समोरासमोर बोलून घ्या, नाहीतर पहिल्याच महिन्यात त्याची ओढाताण होईल. पैसे एकरकमी मागण्यापेक्षा थोडे आधी आणि बाकीचे विक्रीच्या हिश्शातून दोन-तीन वर्षांत असं ठरवलंत तर त्याला झेपेल आणि धंदा नीट चालावा यात तुमचाही जीव राहील. कागद मात्र वकिलाकडून करून घ्या, तो मुलगा तुमच्या पोटच्या पोरासारखा असला तरी, नव्हे, असला म्हणूनच. लोकांना सांगायला साधी पाटी पुरे, पण जुन्यातल्या जुन्या वीस-तीस जणांना स्वतः फोन करा, त्यांना हे पाटीवरून कळू देऊ नका.

मी दुकान दुसऱ्याच्या हाती दिलं तेव्हा ती फळी खाली काढून पिशवीत घातली आणि १४ किल्ल्या परत द्यायला दारोदार गेले, दोन संध्याकाळी लागल्या. नऊ जणांनी किल्ली घेतली, चहा-पाणी विचारलं, एका आजींना तर रडूच आलं. पाच जण म्हणाले राहू दे तिथेच, त्या नव्या मुलाकडे दे. मी परत येऊन फळी पुन्हा भिंतीला ठोकली आणि त्याला पाचही खुणा समजावून सांगितल्या. तुमच्याकडे किल्ल्या नसतील, पण फ्रेम करायला टाकून कधी न्यायला न आलेले फोटो नक्की असतील. एक दिवस दुकान अर्धा वेळ बंद ठेवून त्या मुलाला बरोबर घ्या, ते फोटो एकेक करून काढा, आणि कुणाचा कुठला ते त्याला सांगा.